गेल्या सालचं मीठ

अगं केतकी, जवळ ये जरा. ठाण्यात बसली असलीस तरी खुर्ची पुढे ओढ, टीव्ही बंद कर आणि हे शांतपणे वाच. आधी तुला थोडं बोलून घेते. ताजी रोजमेरीची जुडी आणलीस, नळाखाली धरलीस, ओलीच्या ओली प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलीस, वर गाठ मारलीस आणि चौथ्या दिवशी मला फोन, "माईआजी, काळी पडली गं, वासही कसातरी येतोय." येणारच. तुला कुणी ओल्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं तर तुझाही येईल.

फोनवर सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तू विसरतेस. जुडी आणली की धुवायची नाही, वापरायच्या वेळी धुवायची. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घालायची आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची, दहा-बारा दिवस हसतखेळत राहते. दोन-चारच काड्या असतील तर बुडखे जरा छाटून पेल्यात पाण्यात उभ्या कर, पाणी एक दिवसाआड बदल. जास्त असेल तर पानं ओरपून बर्फाच्या साच्यात घाल, वर तेल ओत आणि बर्फाच्या कप्प्यात ठेव. तेलात घालून ओट्यावर मात्र ठेवायची नाही, पोटाला बाधते. आणि वाळवायची तर सावलीत उलटी टांगून, पण हे सगळं पाऊस लागायच्या आत.

एवढं मी घडाघडा बोलले. मग तू विचारलंस, "आणि मिठात? तू मिठात ठेवायचीस ना?" तर मी म्हटलं, कुकर झालाय, ठेवते.

कुकर झाला नव्हता. कुकर लावलाच नव्हता. मिठाचं नाव निघालं की मला नामी दिसते आणि नामी दिसली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. म्हणून आज लिहायला बसले. एका बाईच्या हाताला मी नाव ठेवलं, केतकी. सगळ्या गल्लीसमोर. आणि चूक माझी होती.

नामी म्हणजे खाडीकडच्या गावातली, मिठागरावर जन्म काढलेली बाई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तरी मी तिला नामी म्हणायचे आणि ती मला माई. हे मला कधी खटकलं नाही, आता खटकतं. एप्रिल लागला की ती पेणला आमच्या गल्लीत यायची. सहाआसनी रिक्षातून उतरायची ती काखेत मिठाची पिशवी घेऊनच. मग दोन महिने या घरातून त्या घरात. पोह्याचे पापड, खारवलेल्या कैऱ्या, आमसुलं, चिंचेचे गोळे. त्या दोन महिन्यांवर तिचा पावसाळा निघायचा. पापड लाटायला इतर बायकाही होत्या, पण मिठाचं काम आलं की नामीच हवी. लोणचं कुणीही घालो, बरणीत पहिली मूठ मीठ नामीच्या हातची पडायची, असा गल्लीचा रिवाजच होता. समोरच्या सुलभाकडे एकदा कैऱ्या चिरून परातीत पडल्या होत्या आणि नामीची रिक्षा बंद पडली. सुलभाची सून म्हणाली, "अहो आई, मीठ ते मीठ, मी टाकते ना." सुलभा परातीवर हात आडवा धरून बसली. अकरा वाजेपर्यंत बसली. नामीचा हात लागला की बुरशी धरत नाही, म्हणायची.

नामी स्वतः असं कधी म्हणाली नाही. "हाताचं काय नाय गो, मिठाचं हाय," एवढंच म्हणायची, आणि ते कुणी मनावर घेत नसे.

तिची एक सवय सांगते. मीठ समोर आलं की ती चिमूटभर उचलून दोन बोटांत धरायची आणि कानाशी नेऊन चोळायची. डोळे मिटून. कोरडं मीठ कुरकुरतं, ओलसर असलं की मुकं राहतं. तिच्याबरोबर एकदा बाजारात गेले होते. तिने दुकानातल्या पोत्यातलं मीठ असं कानाला लावलं, तर दुकानदार गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारत म्हणाला, "काय मावशी, काय म्हनतंय मीठ?"

"म्हनतंय, मालकानं मना काल पानी पाजलं, वजनाला."

सगळं दुकान हसलं. तो मुकाट्याने आत गेला आणि दुसरं पोतं घेऊन आला.

आणि मीठ ती कुणाच्या हातात देत नसे. जमिनीवर ठेवायची, आपण उचलायचं. हातात दिलं की भांडण होतं म्हणे. चहातही चिमूटभर टाकायची. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तू गोड पी गो, तुला कोन अडवतं."

आता रोजमेरीचं. तुझ्या सुहासकाकाच्या, रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांनी जाताना एक कुंडी याच्या स्कूटरवर चढवली. मी त्या झाडाच्या फांद्या रेतीत खोचून एकाच्या सहा कुंड्या केल्या. दिवाळी ते होळी हे झाड आपल्याकडे ऐटीत असतं. पाऊस लागला की मुळाशी कुजतं आणि आठवड्यात संपतं. पहिल्या वर्षी मी दोन कुंड्या अशाच घालवल्या, मग पुन्हा फांद्या खोचून सहा केल्या. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात नामी गच्चीवर पापड घालायला आली, कुंडीपाशी थांबली.

"हे काय, सुरूचं पोर?"

समुद्राकाठच्या सुरूसारखीच पानं दिसतात ना, म्हणून. मी नाव सांगितलं, तिने ऐकलं आणि शेवटपर्यंत सुरूचं पोरच म्हणत राहिली. एक पान चुरडलं, हुंगलं, बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"तेल हाय यात. ज्यात तेल हाय त्याला पान्याची गरज नाय. पावसाल्यासाठी ठेवायचंय? मिठात घाल."

"मिठात? काळं नाही पडणार?"

"नव्या मिठात पडंल. नवं मीठ रडतं गो, पाऊस आला का रडाया लागतं. गेल्या सालचं घ्यायचं. एक पावसाला पेंढ्याखाली काढला का त्याचं रडनं सरतं, कडूपना पन जातो. मंग ते गप बसतं."

तिच्या पिशवीत कायम तेच असायचं, गेल्या सालचं. तिच्या नवऱ्याने आगरावरून आणून झोपडीच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली ठेवलेलं, मळकट राखाडी, दिसायला काही नाही. तिने मला सगळं करून दाखवलं. दंव उडाल्यावर फांद्या कापायच्या. पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्याने धूळ पुसायची. सुपात पसरून पंख्याखाली दिवसभर ठेवायच्या. मग पानं ओरपून कोरड्या बरणीत बोटभर मीठ, वर पानांचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा पानं, सगळ्यात वर मीठ. आणि बरणीत कोरडा चमचा. ओल्या चमच्यावरून ती माझ्यावर अशी ओरडली होती की माझ्या सासूबाई कधी ओरडल्या नसतील.

त्या वर्षी गणपतीत बरणी उघडली. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, आगपेटी पेटत नव्हती, आणि बरणीत पानं हिरवीगार, मीठ मोकळं, वास असा की सुलभा समोरून विचारायला आली. उकडलेल्या बटाट्यांवर तूप आणि ते मीठ घालून सगळ्यांना दिलं. गणपतीला माहेरी आलेल्या लेकी कागदाच्या पुड्या बांधून घेऊन गेल्या. एकीने डोक्याला लावायला मागितलं, तिला सांगितलं, बाई, ताजं ने, हे लावलंस तर डोक्याचं लोणचं होईल. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी, "नामीने शिकवलं हो," म्हणाले खरी. पण दोनदाच म्हणाले, मग दमले.

पुढल्या वर्षी गल्लीतल्या बारा घरांना बरणी हवी होती. लेकींना द्यायला. माझ्या सहाही कुंड्या डवरलेल्या. त्या वर्षी शिमग्याच्या आधी नामीचा नवरा गेला. तरी ती एप्रिलमध्ये आली, कपाळ मोकळं, बाकी तीच. मे महिन्यात सगळ्या बायका माझ्या हॉलमध्ये जमल्या, बारा बरण्या ओळीने मांडल्या आणि रिवाजाप्रमाणे नामीने प्रत्येकीत पहिली मूठ टाकली. तळाला बोटभर मीठ होईल इतकं. तेवढ्यात पिशवी संपली आणि रोह्याहून तिच्या लेकीचा, मंजूचा, निरोप आला की दवाखान्यात नेलंय, बाळंतपणाला.

नामी उठली. जाताना मला म्हणाली, "वरचं मी आली का भरीन. आठ दिवस. पानं फडक्याखाली राहू दे, कुठं जात नाय ती. दुसरं मीठ घालू नको गो माई."

असं स्पष्ट म्हणाली. हे मी पुन्हा लिहिते, कारण मला पळवाट नको. दुसरं मीठ घालू नको, असं ती म्हणाली होती.

चौथ्या दिवशी आकाश भरून आलं. बायका विचारायला लागल्या, माई, बरण्या कधी? आणि त्याच दिवशी सुहासने रस्त्याकडेच्या आगरावरून अर्धं पोतं मीठ आणलं. त्याच हंगामातलं, पांढरंशुभ्र, असं चकाकणारं की वाटलं, नामीचं ते राखाडी मीठ याच्यापुढे काय? मनात असंही आलं की या बाईने मिठाचं उगाच मोठं करून ठेवलंय. मीठ ते मीठ. सुलभाची सून म्हणाली होती तेच. मी बाराही बरण्या त्या मिठाने भरल्या, फडकी बांधली आणि घरोघर पोचवल्या. नामी परत आली तेव्हा म्हटलं, "अगं, झालं ते, जमवलं मी." ती म्हणाली, "कुठनं आनलं?" मी म्हटलं, "होतं घरात." ती पापड लाटायला बसली. लेकीला मुलगा झाला होता, त्या आनंदात होती.

गौरी आल्या त्या दिवशी सुलभाच्या लेकीने सगळ्यांसमोर बरणी उघडली. काळं पाणी. पानं शेवाळासारखी. वास सांगत नाही. मग दुसरीने आपली आणली, तिसरीने आणली. बाराच्या बारा. माझ्याच हॉलमध्ये, त्याच ओळीत मांडल्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि सुलभा म्हणाली, "माई, हे गं काय?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. नवं मीठ रडलं होतं. एका वाक्याचं काम होतं, मीठ मी बदललं. मी म्हणाले, "पहिली मूठ तर नामीचीच होती."

खोटं नव्हतं बघ. मूठ तिचीच होती. अशी मी शहाणी.

कुणीतरी म्हणालं, "यंदा तिचं ते झालं ना, शिमग्याला." सगळ्यांनी मान हलवली. आणि केतकी, मी तिथे बसले होते. तुझे आजोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं माझ्या हातचं लोणचं हीच गल्ली खात होती, माझ्या हाताला कुणी काही म्हटलं नाही. मी तेवढं जरी म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी ताटं वाढायला उठले.

पुढल्या एप्रिलला नामी आली. पहिलं घर, "यंदा थोडंच करतोय गं." दुसरं घर, "सून विकतचं आणते आता." सुलभाने तर दारही उघडलं नाही, आतूनच सांगितलं. मी खिडकीतून बघत होते. काखेत पिशवी घेऊन ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या दारात बसली.

"माझ्या हाताचं काय झालं गो माई? ती कोपऱ्यावरची बोलली, तुझ्या हातानं नासलं."

मी म्हटलं, "लोकांचं काय, बोलतात," आणि चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत ती मागच्या पडवीत हात धुवायला गेली. तिथे त्या उरलेल्या मिठाचं पोतं पडलं होतं, मी वर्षभर हलवलं नव्हतं. पावसाळाभर पाझरून खाली फरशीवर पांढरा, चिकट डाग पसरला होता. ती पोत्यापाशी उभी राहिली. खाली वाकली नाही, चिमूट उचलून कानाला लावली नाही. गरज नव्हती. आत आली, चहा प्यायली, मी बिस्किटं दिली ती खाल्ली आणि गेली. त्यानंतर गल्लीत नाही आली. तिने कुणालाही काही सांगितलं नाही. कळलं की झोपडी बंद करून रोह्याला मंजूकडे राहायला गेली.

तीन वर्षं मी ते सगळं मनाबाहेर फेकून बसले. गेल्या महिन्यात अखेर गेले रोह्याला. गाडीत वाक्यं जुळवत होते. पेणला बसले तेव्हा मोठं भाषण होतं. कासूला अर्धं झालं. नागोठण्यापर्यंत एकच वाक्य उरलं आणि रोह्याला उतरले तेव्हा तेही धड आठवत नव्हतं.

मंजू धाटावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करते. जवळच दोन खोल्या आहेत. दुपारी पोचले तेव्हा नामी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी पाटावर बसून आमटी ढवळत होती. मला बघून हसली. "आली का गो. बस. बारीक झालीस." मग आत हाक मारली, "मंजू, मीठ टाक."

मिठाचा डबा तिच्या गुडघ्याला लागून होता. मंजू पोराची वेणीफणी, म्हणजे भांग पाडायचं सोडून बाहेर आली, मीठ टाकलं.

"हे असंच हाय बघा," मंजू मला म्हणाली. "आमटी ही करनार, मीठ मी टाकायचं. मी शिफ्टला गेली आनी सांगायची राहिली, तर आलनी जेवून बसते."

"गप गो," नामी म्हणाली. "दातांना बरं असतं आलनी."

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "नामी, मीठ मी बदललं होतं. त्या साली. तू नको म्हणून गेलीस आणि मी बदललं."

ती ढवळत राहिली. "मना ठाव हाय. पोतं बघितलं मी पडवीत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस मला?"

"तू चहा ठेवलास. मना वाटलं, चहा झाला का बोलंल. चहा झाला, मंग तू बिस्कुटं दिलीस."

मंजू आमच्याकडे बघत उभी होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं तर मग तू... हे मीठ मंजूने टाकायचं कशाला?"

नामीने गॅस बारीक केला. "बारा घरांनी सांगितलं गो. आनी तो पन त्याच साली गेला. एखाद वेली वाटतं, असंल पन."

मीच रडायला लागले, तर ती म्हणाली, "आता तू नको रडू. आनी मना कशाला सांगतंस? मना ठाव होतं. ज्यांना ठाव नाय त्यांना सांग."

जेवून निघाले. ती मला नाक्यापर्यंत सोडायला आली. कंपनीची बस नुकतीच लागली होती, शिफ्ट सुटलेली माणसं उतरत होती. ती त्यांना वाट देत कडेला सरकली. रिक्षा वळली तेव्हा मी मागे बघितलं. निरोपाला माणूस हात तरी हलवतं. नामी उन्हात उभी होती आणि दोन्ही हात पदराखाली घेतलेले होते.

याला महिना झाला. महिनाभर सुलभा रोज समोर दिसते. मी भाजीवर बोलते, गुडघ्यांवर बोलते, हमरापूरच्या गणपतीच्या मूर्ती यंदा किती लवकर रंगल्या त्यावर बोलते. तू मिठाचं विचारलंस तेव्हाही मी कुकरवर बोलले. ते वाक्य तोंडातून निघालं आणि माझी मलाच किळस आली.

म्हणून येत्या रविवारी चार वाजता बाराही घरांना बोलावलंय. कारण सांगितलं नाही. सुलभाला वाटतंय, मी चारधामला निघालेय. मी त्यांना सांगणार आहे की मीठ माझं होतं. नामीला कुणी पुन्हा बोलावतील की नाही, आणि बोलावलं तर ती येईल की नाही, ते मला माहीत नाही. ते मागायचा मला हक्कही नाही. तिने निदान स्वतःच्या आमटीत मीठ टाकावं.

पण माझा माझ्यावर भरवसा नाही गं. तेव्हा तू ये. शनिवारीच ये. माझ्या शेजारी बस आणि मी गुडघ्यांवर बोलायला लागले तर मला थांबव. सोमवारी आपण दोघी रोह्याला जाऊ. मी गल्लीत काय बोलले ते नामीला तू सांग, तू ऐकलेलं असशील. नुसत्या माझ्या सांगण्यावर तिने का विश्वास ठेवावा? ये बाई, लवकर ये.